जुनं बॅरन ५८ सांभाळताना : दोन इंजिनांचा खरा हिशेब

ओमाहाकर (धागाकर्ता), ९ मार्च

नमस्कार मंडळी.

गेल्या दोन महिन्यांत इथल्या तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून जवळपास एकच प्रश्न विचारला: "जुनं बॅरन विकायला आलंय, दीड-पावणेदोन लाख डॉलर सांगतायत, घेऊ का?" बॅरन म्हणजे दोन इंजिनांचं छोटं खासगी विमान. तिघांना तीन वेळा तेच लिहिण्यापेक्षा धागाच काढतो. इतरांच्याही उपयोगी पडेल.

आधी माझ्याबद्दल. मूळ गाव सांगली जिल्ह्यात, गेली बावीस वर्षं नेब्रास्कात. ओमाहाजवळच्या एका छोट्या विमानतळावर माझं आणि एका अमेरिकन मित्राचं मिळून १९७९ सालचं बीचक्राफ्ट बॅरन ५८ आहे. हे विमान कॅन्ससमधल्या विचिटाला तयार झालं. कॉन्टिनेंटलची आयओ-५२० जातीची, प्रत्येकी २८५ अश्वशक्तीची दोन इंजिनं आणि सहा आसनं. वेग ताशी १९० नॉट धरा, म्हणजे साडेतीनशे किलोमीटर. मुलगी डॅलसला शिकते. गाडीने दहा तास लागतात, बॅरनने पावणेतीन ते तीन. घेतलं ते याच कारणासाठी, आणि सात वर्षांत त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

पण घेण्याआधी मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगतो. दुसरं इंजिन म्हणजे विकत घेतलेली सुरक्षितता नव्हे. पहिल्याइतकंच त्याचंही सगळं केलं आणि ते बंद पडल्यावर काय करायचं याचा सराव हातापायांत ठेवला, तरच ते उपयोगी पडतं. नाहीतर बिघाडाची शक्यता तेवढी दुप्पट होते. दोन इंजिनं म्हणजे बारा सिलिंडर, चोवीस स्पार्क प्लग, चार मॅग्नेटो, दोन अल्टरनेटर, दोन प्रॉपेलर, दोन गव्हर्नर. यातलं काहीतरी कायम बिघडायच्या वाटेवर असतंच. ते हवेत बिघडण्याआधी जमिनीवर सापडलं पाहिजे. मालकाचं खरं काम हेच, आणि याच हिवाळ्यातलं एक उदाहरण देतो.

जानेवारीत डॅलसहून परतल्यावर नेहमीप्रमाणे इंजिन मॉनिटरची नोंद उतरवून घेतली. आमच्या मॉनिटरमध्ये बाराही सिलिंडरांचं डोक्याचं तापमान आणि धुराचं तापमान काही सेकंदांच्या अंतराने नोंदलं जातं. डाव्या इंजिनाच्या तीन नंबरच्या सिलिंडरची धुराची रेघ बाकीच्यांसारखी सरळ नव्हती. साधारण मिनिटाला एकदा ती चाळीस-पन्नास अंश फॅरनहाइट वर जायची, पुन्हा खाली यायची. विमानात बसल्यावर काहीच जाणवलं नव्हतं. ना थरथर, ना आवाजात फरक. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) चालताना हळूहळू स्वतःभोवती फिरत असतो. त्याच्या कडेचा एक भाग जळला असेल तर तो भाग बैठकीवर येईल तसा वायू थोडा गळतो, आणि ती गळती अशी लाटेसारखी उमटते.

शनिवारी काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलं, वरचा स्पार्क प्लग काढला आणि बोरस्कोप (नळीच्या टोकाला बसवलेला बारीक कॅमेरा) आत घातला. चांगल्या व्हॉल्व्हचा चेहरा नेमबाजीच्या फळीसारखा दिसतो : मधोमध तांबूस, भोवती फिकट वर्तुळ, सगळीकडे सारखं. बाकीचे पाच तसेच होते. तीन नंबरवर मात्र काठाला एका बाजूला नखाएवढी हिरवट चंद्रकोर होती. तेवढाच भाग जास्त तापत होता. कॉम्प्रेशन (सिलिंडर दाब किती धरून ठेवतो ते) तपासलं तर ८० पैकी ५२, आणि सायलेन्सरच्या तोंडाला कान लावला तर सूं असा बारीक आवाज. म्हणजे गळती एक्झॉस्टकडून.

पहिल्या कार्यशाळेने (नाव लिहीत नाही) फोटो पाहून सांगितलं की डाव्या इंजिनाचे सहाही सिलिंडर बदला, आणि उजवंही त्याच वयाचं आहे तर लगे हाथ तेही करून टाका. बारा सिलिंडर! आकडा ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. मग ज्या मेकॅनिकवर माझा सात वर्षांचा विश्वास आहे त्याला दाखवलं. तो म्हणाला, व्हॉल्व्ह अजून फार जळलेला नाही, जागच्या जागी घासून पाहू. एक्झॉस्टचा पाइप सोडवला, पिस्टन वर आणून ठेवला म्हणजे व्हॉल्व्ह आत पडत नाही, स्प्रिंग काढली, बैठकीला घासायची पेस्ट लावली आणि व्हॉल्व्हच्या दांड्याला रबरी नळीने ड्रिल जोडून तो हळूहळू फिरवला. तीन तासांचं काम. पेस्टचा कणही राहू नये म्हणून पुसण्यात आणखी एक तास गेला. सगळं परत बसवलं तेव्हा कॉम्प्रेशन ७१ आलं. आता दहा तास उडवून पुन्हा बोरस्कोप घालणार आहे. काय दिसलं ते इथेच लिहीन.

माझ्या वडिलांचं विहिरीवर ऑइल इंजिन होतं. पिकाच्या हंगामात ते बंद पडलं तर काय होतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून घरी ओसरीवर बसूनही त्यांचा एक कान तिकडे असायचा. आवाजात जरा फरक पडला की जेवण टाकून उठायचे. मॉनिटर, बोरस्कोप, तेलाची तपासणी ही सगळी मला त्या कानाचीच रूपं वाटतात.

दर ५० तासांना तेल बदलतो. इथल्या नियमांनुसार तेल-फिल्टर बदलणं, प्लग साफ करणं, टायर बदलणं अशी कामं मालक-वैमानिक स्वतः करून लॉगबुकात नोंदवू शकतो. फिल्टर कापून उघडायचा, आतल्या कागदाच्या घड्या पांढऱ्या कपड्यावर पिळायच्या आणि उन्हात धरून बघायच्या. काळे कण म्हणजे बहुधा कार्बन. चमकणारे कण दिसले की लोहचुंबक फिरवायचा : चिकटले तर पोलाद, नाहीतर बहुधा अ‍ॅल्युमिनियम. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. एका अहवालावरून फारसं कळत नाही, पण सात वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की लोह वाढतंय का ते लगेच दिसतं.

खर्चाचं अनेकांनी विचारलं होतं. माझे आकडे देतो, तुमचे वेगळे असतील. वर्षाला साधारण ११० तास उड्डाण होतं. विमान उडो न उडो, हँगर, विमा, वार्षिक तपासणी, नकाशांची वर्गणी आणि प्रशिक्षण मिळून २३,००० डॉलर जातातच. तासाला २०९ झाले. इंधन तासाला २६ गॅलन, ६.२० डॉलरने १६१. दोन इंजिनांच्या ओव्हरहॉलसाठी (पूर्ण उघडून पुन्हा बांधण्यासाठी) तासाला ७० बाजूला टाकतो. एका इंजिनाला ६०,००० धरलेत, कारखान्याने सांगितलेलं आयुष्य १,७०० तास. प्रॉपेलर, टायर आणि अचानक निघणारी कामं ५० धरा. बेरीज ४९०. भागीदार असल्यामुळे ठरीव खर्चाचा निम्मा भार हलका होतो, म्हणून झेपतं. विमान दीड लाखाला मिळालं म्हणून त्याचे सुटे भाग दीड लाखाच्या विमानाचे होत नाहीत. नवं बॅरन पंधरा लाख डॉलरच्या वर जातं, आणि भागांचे भाव त्याच्या हिशेबाने असतात.

विचारा, माहीत असेल ते सांगेन.

मुळाकाठ, ९ मार्च

धागा वाचनखुणेत टाकला. चंद्रकोरीचं वर्णन वाचून फोटो न बघताही डोळ्यांसमोर आलं.

एक प्रश्न. मी ह्यूस्टनला असतो, एका इंजिनाच्या विमानाचा परवाना आहे, २४० तास झालेत. एवढ्या पैशात पॅराशूट असलेलं सिरस एसआर-२२ घेतलं तर ते जास्त शहाणपणाचं नाही का? तासाला १६-१७ गॅलन, वेग फार कमी नाही, आणि इंजिन बंद पडलं तर सगळं विमान पॅराशूटने खाली येतं. मग दोन इंजिनं कशासाठी?

पाना_पक्कड, १० मार्च

ओमाहाकर, तुमच्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा. मी फ्लोरिडात एकोणीस वर्षं हेच काम करतो, वार्षिक तपासणीवर सही करायचा अधिकार आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सहाही सिलिंडर एकदम काढणं नुसतं महाग पडतं असं नाही, त्यात धोकाही आहे. कॉन्टिनेंटलचा क्रँककेस (इंजिनाचं मधलं कवच) दोन अर्धुकांचा असतो. सिलिंडर ज्या बोल्टांनी बसतात त्यातले काही बोल्ट या बाजूने त्या बाजूला आरपार जातात आणि तेच दोन्ही अर्धुकांना आवळून धरतात. सगळे सिलिंडर काढले की ती पकड सैल होते. पुन्हा आवळताना कुठे जुना रंग राहिला, टॉर्क कमी पडला, क्रम चुकला तर मधले बेअरिंग सरकू शकतात. बेअरिंग सरकलं की तेलाचं भोक झाकलं जातं आणि तिथून पुढे इंजिन किती तास चालेल ते सांगता येत नाही. घरी नेलेली गाडी बिघडून परत येते तसं विमान येत नाही, ते हवेत असतं. म्हणून ज्या सिलिंडरला रोग आहे त्यालाच हात लावायचा. कॉन्टिनेंटलने २००३ मध्ये कॉम्प्रेशनबरोबर बोरस्कोपही घालून बघायला सांगितलं ते त्याचसाठी. नुसत्या आकड्यावर सिलिंडर बाद करायचा नाही.

आता बॅरन घेणाऱ्यांसाठी. विकणाऱ्याच्या नेहमीच्या मेकॅनिककडून खरेदीपूर्व तपासणी करून घेऊ नका. लॉगबुकं स्वतः वाचा, पहिल्या पानापासून. आणि पुढच्या गोष्टी मी स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हणत नाही : पंख ज्या बोल्टांनी धडाला जोडलेत त्यांची शेवटची तपासणी कधी झाली, मधल्या स्पारच्या (पंखांचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईच्या) उभ्या पत्र्याला भेगा आहेत का (यावर अनिवार्य आदेश आहे), आणि नाकातला हीटर. तो हीटर विमानाचं पेट्रोल जाळून गरम हवा देतो. त्याच्या आतली नळी फुटली तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. दाबाची चाचणी वेळेवर झाली नसेल तर तो हीटर बंदच समजा.

इंधनाच्या टाक्या रबरी पिशव्यांच्या असतात. विमान महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभं राहिलं की वरचं रबर वाळतं, पिशवी बटणांतून सुटते, तळाला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीत पाणी साचतं. ते पाणी खालच्या झडपेतून निघत नाही. टाक्या भरून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : वर्षाला २० तास उडालेलं "कमी वापरलेलं" विमान कौतुकाने घेऊ नका. माझ्याकडे आलेली सर्वांत गंजलेली इंजिनं अशाच विमानांची होती.

निळीरेघ, १० मार्च

ओमाहाकर काका, लेख मनापासून आवडला. मी पुण्याची, आता एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. दोन इंजिनांचं पहिलं विमान उडवलं ते गोंदियाला, बिरसीच्या विमानतळावर, डायमंड डीए-४२ वर. ती दोन्ही डिझेल जातीची इंजिनं जेटचं इंधन पितात. त्यात मॅग्नेटो नाही, स्पार्क प्लग नाही, मिक्श्चरची (इंधन आणि हवेचं प्रमाण ठरवणारी) दांडी नाही. एका इंजिनाला एकच दांडा, बाकी सगळं संगणक बघतो. इंजिन फेदर करायचं (बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला आडवी न येतील अशी वळवायची) म्हणजे त्याचं मुख्य बटण बंद करायचं. त्यामुळे तुमची सहा दांड्यांची रांग (प्रत्येक इंजिनाला थ्रॉटल म्हणजे शक्तीची, प्रॉपेलरची आणि मिक्श्चरची अशा तीन) बघूनच माझ्या पोटात गोळा येतो.

पण संगणक असला म्हणून वैमानिकाचं काम संपत नाही, हे आमच्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. २००७ मध्ये जर्मनीत श्पायरला एका डीए-४२ ची बॅटरी उतरलेली होती, बाहेरची वीज देऊन इंजिनं चालू केली. उड्डाण झालं, चाकं आत घेताना विजेचा दाब क्षणभर पडला आणि दोन्ही इंजिनांचे संगणक एकदम थांबले. दोन इंजिनं होती, पण दोन्ही एकाच बॅटरीवर अवलंबून. तेव्हापासून "दोन आहेत" असं कुणी म्हटलं की माझ्या मनात येतं : दोघांमध्ये सामाईक काय आहे?

माझा प्रश्न सरावाबद्दल. आम्हाला कंपनी दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरला बसवते, टाळताच येत नाही. तुमच्यावर असं कुणाचं बंधन नाही. मग तुम्ही स्वतःला कसं बसवता?

विहीरगावकर, ११ मार्च

भारतात असं विमान ठेवता येईल का हो? कुतूहल म्हणून विचारतोय.

ओमाहाकर (धागाकर्ता), ११ मार्च

सगळ्यांचे आभार. पाना_पक्कड, तुमचा प्रतिसाद खरं तर मूळ लेखात असायला हवा होता. पंखांच्या बोल्टांबद्दल मी लिहायचं विसरलो होतो.

मुळाकाठ, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सरळ देतो. वर्षाला ६०-७० तास उडणार असाल, बहुतेक उड्डाणं दिवसा आणि सपाट मुलखावरून असतील, तर सिरस घ्या. तासाला दहा गॅलन वाचतील आणि एक इंजिन नीट ठेवता येईल. मला बॅरन का लागतं? हिवाळ्यात रात्री मैलोन्‌मैल अंधाऱ्या शेतांवरून, खाली ढग जमिनीला टेकलेले असताना यावं लागतं. दुसरा अल्टरनेटर, बर्फ काढायची सोय, आणि सहा माणसं सामानासकट बसतील एवढी जागा हवी होती. हे ज्याला रोज लागत नाही त्याने हा भार घेऊ नये.

आणि एक आकडा डोक्यात पक्का बसवा. माझं बॅरन दोन्ही इंजिनांवर मिनिटाला सतराशे फुटांच्या आसपास चढतं. एक बंद पडलं तर, पूर्ण वजनात, समुद्रसपाटीला, नव्या विमानाच्या पुस्तकातसुद्धा चारशे फूट मिळत नाहीत. शक्ती निम्मी जाते, पण चढणं पाऊण भागाहून जास्त जातं. उन्हाळ्यात, चाकं खाली आणि बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत असेल तर विमान खालीच येतं. दोन इंजिनं आहेत म्हणून उडत राहील, या भरवशावर माणसं गेली आहेत.

निळीरेघ, तुझं नावच माझं उत्तर आहे. वेगाच्या तबकडीवरची ती निळी रेघ, माझ्या विमानात १०० नॉट. एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढणं त्या वेगाला मिळतं. लाल रेघ ८१ ला. त्याखाली चालू इंजिनाचा ओढा सुकाणूच्या ताकदीपेक्षा जास्त होतो आणि विमान बंद इंजिनाकडे उलटतं. या दोन रेघांमधले १९ नॉट, एवढीच काय ती सवलत.

सरावाचं म्हणशील तर तुझं खरं आहे, इथे दर २४ महिन्यांनी एका शिक्षकाबरोबर उजळणी केली की कायदा समाधानी असतो. ती पुरत नाही. विमा कंपनी वर्षातून एकदा सिम्युलेटर मागते, तो करतो. आणि दर सहा आठवड्यांनी एका शिक्षिकेला उजव्या बाजूला बसवून चार हजार फुटांवर जातो. त्या न सांगता एक थ्रॉटल मागे घेतात. मग हात त्याच क्रमाने चालले पाहिजेत : मिक्श्चर, प्रॉपेलर, थ्रॉटल सगळं पुढे, चाकं वर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर, ज्या बाजूचा पाय मोकळा त्या बाजूचं इंजिन गेलं, त्याचं थ्रॉटल मागे घेऊन खात्री, मग फेदर. खात्री न करता घाईने चालू इंजिन फेदर केल्याच्या घटना घडल्या आहेत. आणि उशीरही चालत नाही. पंख्याचे फेरे मिनिटाला सुमारे ८००च्या खाली गेले की आतल्या खिळ्या अडकतात आणि मग तो फेदर होतच नाही.

दर उड्डाणाआधी मी मोठ्याने म्हणतो, एकटा असलो तरी : "चाकं खाली असताना इंजिन गेलं, तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि समोर जे असेल तिथे उतरायचं." आमची धावपट्टी ३,८०० फुटांची आहे. निर्णय धावपट्टीवर घ्यायचा नसतो, तो हँगरमधून निघताना घेतलेला असावा लागतो.

१९८४ आधीचं बॅरन घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. त्यात थ्रॉटल मधे आणि प्रॉपेलरच्या दांड्या डावीकडे असतात, आणि चाकांचं व फ्लॅपचं बटण इतर विमानांच्या उलट्या जागी. उतरल्यावर धावत असतानाच फ्लॅप वर घ्यायला गेलेल्या माणसाने चाकं वर घेतली, असं इतक्या वेळा झालं की अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने १९८० मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. माझा नियम : धावपट्टी सोडून विमान पूर्ण थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. थांबल्यावर बटणाचा आकार बोटांनी चाचपायचा, नाव वाचायचं, मगच दाबायचं.

विहीरगावकर, अशक्य नाही, पण पिस्टन इंजिनाचं पेट्रोल हीच पहिली अडचण. मोठ्या विमानतळांवर जेटचं इंधन सगळीकडे असतं, एव्हीगॅस, म्हणजे हे पेट्रोल, मोजक्या ठिकाणी. कित्येक वर्षं ते सगळं आयात व्हायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं एव्हीगॅस १००एलएल बाजारात आणलं. निळीरेघने लिहिलेली डीए-४२ प्रशिक्षण संस्थांना सोयीची का पडते, ते यावरून कळेल.

एरोस्टारवाला, १४ मार्च

उशिरा येतोय. अ‍ॅरिझोनात असतो, सोलापूरचा. माझ्याकडे एरोस्टार ६०१पी आहे, १९७८ चं. वेगाचं वेड असलेल्यांनी व्यनिमधून मलाही गाठलंय, म्हणून इथेच लिहितो.

टेड स्मिथ या माणसाने ते आखलं. त्याआधी त्याने एरो कमांडर केलं होतं. शेपटीचे आडवे आणि उभे भाग एकमेकांच्या जागी बसतील असे केलेत, पंख धडाच्या मधोमध. केबिनमध्ये हवेचा दाब राहतो, टर्बोचार्जर आहेत, म्हणून पंचवीस हजार फुटांवर सव्वादोनशे नॉटच्या आसपास जातं. पिस्टन इंजिनाच्या प्रवासी विमानात याहून वेगवान फार थोडी आहेत. पायपरने कंपनी घेतली आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबलं.

त्याची किंमत अशी : हायड्रॉलिक पंप फक्त उजव्या इंजिनावर आहे. उजवं गेलं की चाकं आणि फ्लॅप यांना दाब देणारा मुख्य पंपच गेला. म्हणून विजेवर चालणारा जादा पंप बसवलेलं विमानच घ्या. नाकाचं चाक पायांनी वळत नाही, एका बटणाने वळतं. त्याची सवय व्हायला मला वीस तास लागले. टर्बोचार्जरमुळे धुराच्या नळ्या लालबुंद तापतात, त्यांचा प्रत्येक सांधा मी दर ५० तासांनी आरसा आणि विजेरी घेऊन तपासतो. आणि चार हजार फुटांखालच्या धावपट्टीवर मी जात नाही.

आणि माझी इंजिनं लायकमिंगची. त्यांचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. विमान उभं राहिलं की तेल खाली उतरतं, कॅम कोरडा पडतो आणि त्यावर गंज चढतो. ओमाहाकरांच्या कॉन्टिनेंटलमध्ये तो खाली आहे, त्यांना हा त्रास कमी. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेतही मी दहा दिवसांच्या वर विमान उभं ठेवत नाही. नुसतं जमिनीवर चालू करून बंद करणं हा उपाय नव्हे. तेल पुरेसं तापत नाही आणि आतली वाफ आतच राहते. निदान पाऊण तास उडवायचं.

सई_दुपार, १६ मार्च

मी कधी इथे लिहीत नाही. ओमाहाकरांना ज्या तिघांनी निरोप पाठवले, त्यातला एक माझा नवरा. काल रात्री त्याने हा धागा मला वाचायला दिला. आमची दोन मुलं त्या विमानात बसणार आहेत. मला इंजिनातलं काही कळत नाही. मी त्याला कोणते प्रश्न विचारू, एवढंच सांगा.

ओमाहाकर (धागाकर्ता), १६ मार्च

सईताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. तीन प्रश्न विचारा. एक : एक इंजिन बंद करून शेवटचा सराव कुठल्या तारखेला केलास? "मध्यंतरी केला" हे उत्तर नव्हे, तारीख हवी. दोन : मागच्या उड्डाणाची मॉनिटरची नोंद बघितलीस का? तीन : आज हवा वाईट आहे म्हणून विमान तिथेच ठेवून आपण हॉटेलात राहिलो, तर तुला चालेल का? तिसऱ्याचं उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

आणि शक्य असेल तर वैमानिकाशेजारी बसणाऱ्यांसाठी इथे छोटे वर्ग असतात, ते करा. माझ्या बायकोने केला. रेडिओवर मदत कशी मागायची, विमान सरळ कसं ठेवायचं एवढं तिला येतं. गेल्या वर्षीच्या तपासणीत विमान जॅकवर उचललेलं होतं तेव्हा तिने पुढच्या आसनामागच्या हाताच्या दांड्याने चाकं खाली उतरवून पाहिली. जवळपास पन्नास फेरे लागतात. हात भरून आले, पण चाकं पक्की बसल्याचे तीन हिरवे दिवे तिने स्वतः लावले. तेव्हापासून ती जास्त निवांत बसते, आणि मला जास्त प्रश्न विचारते. दोन्ही चांगलं.

सई_दुपार, १७ मार्च

विचारले. पहिल्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही. तो म्हणाला, आधी शिक्षकाबरोबर पंचवीस तास, मग विमान. मनापासून आभार.

पाना_पक्कड, १७ मार्च

सईताई, खरेदीपूर्व तपासणीच्या वेळी तुम्हीही हजर राहा. मालकाच्या घरचं कुणी शेजारी उभं असलं की मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने समजावून सांगतो, आणि सांगता सांगता मलाच जास्त दिसतं.

निळीरेघ, १८ मार्च

काका, नेब्रास्कातल्या थंडीत विमान सुरू कसं करता? आमच्याकडे गोंदियात उलटा प्रश्न होता, मे महिन्यात पंखाला हात लावता यायचा नाही.

ओमाहाकर (धागाकर्ता), ३० मार्च

निळीरेघ, आधी तुझं उत्तर. उणे सात सेल्सियसच्या खाली थंडगार इंजिन तसंच सुरू केलं तर पहिल्या मिनिटात जेवढी झीज होते तेवढी कित्येक तासांच्या उड्डाणात होत नाही. तेल मधासारखं घट्ट झालेलं असतं, आणि अ‍ॅल्युमिनियमचा क्रँककेस आतल्या पोलादापेक्षा जास्त आकसलेला असतो, त्यामुळे बेअरिंगांत तेलाला जागा उरत नाही. म्हणून आदल्या रात्रीच विजेचे हीटर लावतो, तेलाच्या टाकीखाली एक आणि प्रत्येक सिलिंडरला एकेक पट्टी. हवेच्या तोंडांना बुचं आणि काउलिंगवर आईने सांगलीहून पाठवलेल्या दोन गोधड्या. सकाळी गोधडी उचलून काउलिंगला हात लावला की कोमट लागतं. पंख्याच्या मध्यावर, नाकावरही हात लावून बघतो. तोही कोमट असेल तरच आतपर्यंत ऊब पोहोचली म्हणायची.

आता तीन नंबरचा सिलिंडर. काल दहा तास पूर्ण झाले. संध्याकाळी मी, भागीदार आणि मेकॅनिक तिघं हँगरमध्ये होतो. वरचा प्लग काढला, बोरस्कोप घातला. हिरवी चंद्रकोर नाही. मधे तांबूस, भोवती फिकट वर्तुळ, थोडंसं एका बाजूला कललेलं पण बंद. कॉम्प्रेशन ८० पैकी ७३. मॉनिटरची रेघ बाकीच्या पाचांबरोबर सरळ आहे. लॉगबुकात नोंद झाली, पुढची तपासणी आणखी २५ तासांनी ठरली आहे. उजव्या इंजिनाचे सहाही व्हॉल्व्ह त्याच संध्याकाळी पाहून घेतले. पाच नंबरच्या खालच्या प्लगची वायर घासलेली सापडली, ती बदलायची आहे. भाग गुरुवारी येतो. तोपर्यंत विमान हँगरमध्येच, टाक्या भरून.